मेघात मेसर सापडला म्हणजे तारा जन्मतोय, आणि नाही सापडला तर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सीच्या प्रबंधासाठी तुम्ही रेणुमेघांची, म्हणजे ज्यांत तारे घडतात अशा थंड, दाट वायूच्या मेघांची, एक यादी घेतली. तिच्याशी ६.७ गिगाहर्ट्झच्या मिथेनॉल मेसरांची आणि २२ गिगाहर्ट्झच्या पाण्याच्या मेसरांची यादी जुळवून पाहिली. (मेसर म्हणजे लेसरचंच रेडिओ भावंड: वायूतले रेणू एका ठरावीक वारंवारतेची रेडिओ लहर वाढवत नेतात.) काही मेघांत दोन्ही प्रकार निघाले, काहींत एकच, आणि बरेचसे मेघ कोरडे, म्हणजे एकही मेसर नसलेले, निघाले. सर म्हणाले होते, 'मेसर म्हणजे ताऱ्याच्या जन्माची खूण.' म्हणून कोरड्या मेघांपुढे 'तारानिर्मिती नाही' असं लिहावं का, कोणता मेसर आहे त्यावरून वय सांगता येईल का, आणि पुढचं निरीक्षण खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर होईल का, असं तुम्ही विचारलंय.

सर चुकीचं बोललेले नाहीत. पण त्या वाक्याला एकच दिशा आहे आणि तुम्ही ते उलट्या दिशेनेही वाचताय. मेसर असणं बरंच काही सांगतं. मेसर नसणं जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि 'असणं' म्हटलं तरी कोणत्या रेणूचा, कोणत्या रेषेचा, किती वेगाला आणि नेमका कुठे, हे कळल्याशिवाय त्या खुणेचा अर्थ लागत नाही.

हे असं का, हे कळायला मेसर होतो कसा याच्याकडे जरा बघू. १९६५ साली बर्कलीच्या गटाला डब्ल्यू३, डब्ल्यू४९ आणि ओरायन अशा तारे घडणाऱ्या ठिकाणी १६६५ मेगाहर्ट्झजवळ एक रेषा, म्हणजे नेमक्या एका वारंवारतेवरचं तेज, दिसली. हायड्रॉक्सिलच्या, म्हणजे ओएचच्या चार रेषा १६१२, १६६५, १६६७ आणि १७२० मेगाहर्ट्झला येतात. साध्या तापलेल्या वायूत त्यांची प्रखरता १:५:९:१ या प्रमाणात असायला हवी. इथे १६६५ चीच रेषा सगळ्यांत ठळक होती, विलक्षण अरुंद होती, आणि तिच्या १६६७ च्या भावंडाचा पत्ता लागेना. त्या गटाने तिला गमतीने 'मिस्टेरियम' म्हटलं. उलगडा असा झाला की रेणूंच्या वरच्या ऊर्जापातळीत खालच्यापेक्षा जास्त गर्दी झाली होती. अशा वायूतून जाणारी लहर शोषली जायच्या ऐवजी वाढत जाते. टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रयोगशाळेत अमोनियाचा मेसर चालवला होता. तीच करामत निसर्ग आपल्या आकाशगंगेत आपोआप करत होता. पुढे १९६९ मध्ये टाउन्स यांच्याच गटाला २२.२३५ गिगाहर्ट्झला पाण्याचे मेसर सापडले.

तुमच्या कामाचा मुद्दा इथून सुरू होतो. वरच्या पातळीत गर्दी टिकवायची तर वायू साम्यावस्थेपासून ढळलेला राहावा लागतो आणि त्याला सतत 'पंप' करणारं काहीतरी लागतं. घनता कमी असली तर वाढ होत नाही. फार जास्त झाली तर टकरांनी पातळ्या पुन्हा सारख्या होतात आणि मेसर विझतो. तो रेणू पुरेशा प्रमाणात हवा. आणि सगळ्यांत अडचणीची अट म्हणजे आपल्या दृष्टिरेषेवर बरंच अंतर वायूचा वेग जवळजवळ एकच हवा, नाहीतर डॉप्लरमुळे, म्हणजे वेगानुसार वारंवारता सरकल्यामुळे, पुढचा वायू मागच्याची लहर वाढवूच शकत नाही. नारायणगावच्या रस्त्याने द्राक्षबागांशेजारून गाडी जाते तेव्हा बाग म्हणजे नुसती हिरवी भिंत दिसते, आणि एखाद्या क्षणी दोन ओळींमधली फट थेट डोळ्यांसमोर येऊन पार शेवटचा खांब दिसतो. मेसरचंही तसंच आहे. मेघात फटी अनेक असतात, आपल्याकडे तोंड करून असलेल्या तेवढ्याच चमकतात. म्हणून मेसरचा एकेक ठिपका पृथ्वी-सूर्य अंतराच्या आसपासच्या मापाचा आणि त्याचं चकाकी-तापमान मात्र लाखो कोटी केल्विनपर्यंत, अशी विचित्र जोडी जमते. ते वायूचं खरं तापमान नव्हे, हे प्रबंधात एका वाक्यात तरी लिहा. परीक्षक हमखास विचारतात.

आता तुमच्या पहिल्या यादीकडे येऊ, कारण ६.७ चा मिथेनॉल मेसर हा या सगळ्यांत सर्वांत सचोटीचा. कार्ल मेंटेन यांनी तो १९९१ मध्ये जाहीर केला. त्याची नेमकी वारंवारता ६६६८.५ मेगाहर्ट्झ. त्याला पंप करते ती धुळीची उष्णता. नवजात जड ताऱ्याभोवतीची धूळ शंभर-दीडशे केल्विनच्या वर तापली की दोन गोष्टी एकदम होतात. धूलिकणांवर गोठलेलं मिथेनॉल वायूत सुटतं, आणि त्याच धुळीचे अवरक्त फोटॉन त्याला वरच्या कंपनावस्थेत ढकलतात. तिथून उतरताना रेणू नेमके हव्या त्या पातळीत साठतात. म्हणजे धूळ, उष्णता, मिथेनॉल आणि भरपूर घनता हे सगळं एका जागी जमलं पाहिजे, आणि ते जमतं जड ताऱ्याच्या पाळण्यातच. मरणाऱ्या ताऱ्यांभोवती किंवा टॉरससारख्या हलके तारे घडवणाऱ्या मेघांत हा मेसर शोधूनही मिळालेला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीवर सात शलाकांचा, म्हणजे एका वेळी आकाशातल्या सात जागा बघणारा, ग्राहक बसवून आकाशगंगेच्या पट्ट्यात हे मेसर धुंडाळले गेले. मिळाले ते साडेनऊशेच्या वर. मग प्रत्येकाची जागा इंटरफेरोमीटरने, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक दुर्बिणींनी, अर्ध्या विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आत पक्की केली. त्या जागा चिलीतल्या अपेक्स दुर्बिणीच्या अ‍ॅटलासगॅल सर्वेक्षणातल्या धुळीच्या गाठींवर टाकल्या तर जवळजवळ सगळेच मेसर कुठल्या ना कुठल्या गाठीत बसतात. उलट बाजूने बघा: गाठी दहा हजारांच्या घरात, आणि बहुतेक गाठींत ६.७ चा मेसर नाही. तुमच्या प्रबंधाचं उत्तर याच विषमतेत आहे.

पाण्याची गोष्ट निराळी. २२ गिगाहर्ट्झच्या रेषेच्या पातळ्या तळपातळीच्या सुमारे ६४० केल्विन वर असतात. म्हणजे वायू चांगला तापलेला हवा, शेकडो केल्विन, आणि घनता दर घनसेंटिमीटरला दहा कोटी रेणूंच्या आसपास किंवा जास्त. शांत मेघात हे कुठून येणार? ते येतं आघात-तरंगांमुळे. बाळ-तारा ध्रुवांकडून जो झोत बाहेर फेकतो तो भोवतालच्या वायूवर आदळतो, तिथे वायू दाबला जातो, तापतो, पाणी तयार होतं आणि मेसर पेटतो. म्हणून पाण्याचा मेसर मुख्यतः झोताची खबर देतो. तो हलक्या ताऱ्यांभोवतीही दिसतो, पण तारा जितका बाल्यावस्थेत तितकी शक्यता जास्त. जपानी खगोलशास्त्रज्ञांनी हलक्या आदिताऱ्यांवर बराच काळ लक्ष ठेवून केलेल्या पाहणीत अगदी कोवळ्या वर्गात साधारण ४० टक्के, त्याच्या पुढच्या वर्गात ४ टक्के आणि त्यानंतर शून्य असा उतार दिसला.

पण पाण्याच्या यादीत तोतये आहेत. मिरासारखे म्हातारे, फुगलेले तारेही बाहेर वायू सोडतात आणि त्यांच्या आवरणात पाण्याचे मेसर पेटतात. ऑस्ट्रेलियातल्या मोप्रा दुर्बिणीच्या एचओपीएस सर्वेक्षणात सापडलेल्या पाण्याच्या मेसरांच्या जागा नंतर बारकाईने तपासल्या, तेव्हा साधारण पाचवा हिस्सा म्हाताऱ्या ताऱ्यांचा निघाला आणि आणखी काहींचं मूळ ठरवता आलं नाही. तुम्ही पाण्याची यादी सरसकट मेघांशी जुळवली असेल तर असे काही पाहुणे तुमच्या मेघांत शिरले असणार. ते मेघाच्या पुढे किंवा मागे, भलत्याच अंतरावर असतात, फक्त दिशा तीच. त्यांना गाळायचा सोपा मार्ग म्हणजे स्पिट्झरच्या ग्लिम्प्स सर्वेक्षणाच्या अवरक्त चित्रांत ती जागा उघडून बघणं. एकटाच लख्ख, लालसर, ठिपक्यासारखा तारा आणि आसपास धुळीचा मागमूस नसेल तर तो म्हातारा धरा. काळपट धुळीच्या पट्ट्यात बसलेला किंवा ४.५ मायक्रॉनच्या चित्रात पसरट चमक दाखवणारा स्रोत असेल तर तो आपल्या कामाचा. ती पसरट चमक बहुधा आघाताने तापलेल्या हायड्रोजनची असते.

ओएचचं थोडक्यात सांगते. १६६५ आणि १६६७ बहुतेक वेळा तारानिर्मितीशी जोडलेले, त्यातही ज्याने भोवतालचा हायड्रोजन आयनीभूत करायला सुरुवात केली आहे अशा जड ताऱ्याच्या आसपास. १६१२ दिसला आणि त्यात वीस-तीस किलोमीटर प्रतिसेकंदाच्या अंतराने दोन टोकदार शिखरं असतील तर तो म्हातारा तारा, कारण ती फुगणाऱ्या कवचाची पुढची आणि मागची बाजू. १७२० कधी तारानिर्मितीत येतो, कधी डब्ल्यू२८ किंवा डब्ल्यू४४ सारख्या अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत. सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर जवळजवळ पूर्णपणे म्हाताऱ्यांचे. ओरायनमधला सोर्स-आय हा बाळ-तारा प्रसिद्ध अपवाद, पण अपवादच.

मिथेनॉलचे दोन वर्ग मात्र अजिबात मिसळू नका. ६.७ आणि १२.२ गिगाहर्ट्झ हे दुसऱ्या वर्गाचे, धुळीच्या प्रारणाने पंप होणारे, ताऱ्याला चिकटून असणारे. ३६, ४४ आणि ९५ गिगाहर्ट्झ हे पहिल्या वर्गाचे, टकरांनी पंप होणारे. ते ताऱ्यापासून बरेच लांब, झोत मेघावर आपटतो त्या कडांवर बसतात. रेणू एकच, पण दोघांचा कारभार इतका वेगळा की एकाला पेटवणारी परिस्थिती दुसऱ्याला विझवते. यादीत नुसतं 'मिथेनॉल मेसर' असं लिहिलेलं दिसलं की मी आधी वारंवारता बघते.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर डब्ल्यू३-ओएच. पर्सियस भुजेतला हा प्रदेश, अंतर १.९५ किलोपार्सेक, म्हणजे साधारण ६,४०० प्रकाशवर्षं. हे अंतरसुद्धा मेसरांचं लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्यांच्या जागेत दिसणारा किंचित बदल, मोजूनच २००६ मध्ये पक्कं झालं. इथे एक जड तारा आहे, त्याच्याभोवती आयनीभूत हायड्रोजनचा छोटा, दाट बुडबुडा आहे, आणि त्याच्यावर ओएच आणि ६.७ च्या मिथेनॉलचे ठिपके विखुरलेले आहेत. ओएचच्या रेषा चुंबकी क्षेत्रात दुभंगतात. १६६५ ची रेषा दर मिलिगॉसला ०.५९ किलोमीटर प्रतिसेकंद इतकी फाकते. त्यावरून तिथलं क्षेत्र काही मिलिगॉस भरतं, म्हणजे आकाशगंगेतल्या सरासरी क्षेत्राच्या हजारपटीच्या घरात. आता पूर्वेला फक्त सहा विकला सरका. तिथे टर्नर-वेल्च वस्तू म्हणतात ती आहे, धुळीत गुरफटलेला तप्त गाभा. तिथे पाण्याचे मेसर ठळक, आणि ते झोताबरोबर बाहेर धावताना मोजता येतात. पश्चिमेकडच्यासारखा ठसठशीत बुडबुडा मात्र तिथे अजून नाही. दोघांतलं अंतर प्रत्यक्षात बारा हजार खगोलीय एककं, प्रकाशाला सव्वादोन महिने लागतील इतकं. मेघ एक, गाठही जवळपास एक, पण थोरलं आणि धाकटं भावंड वेगवेगळे दिवे लावून बसलंय. पार्क्सची शलाका या वारंवारतेला तीन कलांहून रुंद असते. नुसत्या तिच्या भरवशावर असतो तर आपण लिहिलं असतं, 'एक मेघ, तिन्ही मेसर.' तुमच्या यादीतल्या 'अनेक मेसरवाल्या' मेघांबद्दल मला हीच शंका आहे.

वयाच्या प्रश्नाचं उत्तरही यात आलं. मेसरांवरून कालरेषा आखायचे प्रयत्न झाले आहेत. साधारण क्रम असा मांडला जातो: आधी पहिल्या वर्गाचं मिथेनॉल आणि पाणी, मग ६.७ चं मिथेनॉल, आणि ओएच सर्वांत शेवटी, आयनीभूत बुडबुडा तयार झाल्यावर. मांडणाऱ्यांनीही ती चर्चेसाठीची चौकट म्हणूनच मांडली होती. पुढे दिसलं की पहिल्या वर्गाचे मेसर तारानिर्मितीच्या शेवटच्या टप्प्यातही पेटतात, कारण फुगणारा आयनीभूत बुडबुडासुद्धा मेघावर आघात करतोच. पाणी तर जवळजवळ सगळ्या टप्प्यांत हजेरी लावून जातं. माझं मत असं: '६.७ आहे, ओएच नाही, रेडिओ सातत्य (बुडबुड्यातून सगळ्या वारंवारतांवर येणारं तेज) नाही' असा स्रोत कोवळा म्हणायला हरकत नाही. '६.७, ओएच आणि ठसठशीत बुडबुडा' असा स्रोत पुढे गेलेला. या दोन टोकांच्या मध्ये नुसत्या मेसरांवरून क्रम लावू नये. तिथे धुळीचं तापमान आणि तेजस्विता-वस्तुमान गुणोत्तर जास्त भरवशाचं.

कोरड्या मेघांचं काय? ६.७ च्या मेसरचं आयुष्य संख्याशास्त्रीय अंदाजाने पंचवीस ते पंचेचाळीस हजार वर्षं धरलं जातं. जड तारा घडायला काही लाख वर्षं लागतात असं मानलं तर, प्रत्येक गाठीत जड तारा घडणार असला तरीसुद्धा एका वेळी थोड्याच गाठींत मेसर दिसेल. शिवाय सगळ्याच गाठी जड तारे घडवणार नाहीत. मग दिशेची भानगड आहे, मेसर पेटलेला असेल पण तोंड दुसरीकडे. मग संवेदनक्षमता: पार्क्सच्या त्या मिथेनॉल सर्वेक्षणात अर्ध्या जान्स्कीच्या (जान्स्की हे रेडिओ तेज मोजायचं एकक) खालचं फारसं पकडता येत नव्हतं, आणि तुमचा मेघ दहा किलोपार्सेकवर असेल तर ओरायनच्या अंतरावर सहज दिसणारा मेसरही तिथून निसटेल. पाण्याच्या बाबतीत तर काळाचाच भरवसा नाही, आठवड्या-महिन्यांत रेषा येतात नि जातात. आणि ओरायन-केएल घ्या: जड तारे घडवणारा आपल्याला सर्वांत जवळचा प्रदेश, सुमारे ४१५ पार्सेकवर. पाण्याचे मेसर असे की १९७९ ते १९८५ या काळातल्या भडक्यात एकच रेषा लाखो जान्स्कींवर गेली. आणि ६.७ चा तेजस्वी मेसर? तिथे नाही. तुमच्या नियमाने ६.७ च्या स्तंभात ओरायनपुढे 'तारानिर्मिती नाही' असं लिहावं लागेल.

तेव्हा त्या स्तंभाचं शीर्षक बदला. 'तारानिर्मिती आहे / नाही' असं न लिहिता 'ज्ञात मेसर, अमुक मर्यादेपर्यंत' असं लिहा, आणि मर्यादा जान्स्कीत न देता प्रत्येक मेघाच्या अंतराप्रमाणे मेसरच्या तेजस्वितेत द्या. मग जवळचे आणि लांबचे मेघ एका मापाने तोलता येतील. कोरड्या मेघांत ७० मायक्रॉनच्या अवरक्त तरंगांत उजळलेला स्रोत आहे का तेही बघा. असेल तर तिथे आत काहीतरी तापतंय, मेसर असो वा नसो.

जुळवणीबद्दल एक कामाची गोष्ट. दिशा जुळली म्हणजे मेघ जुळला असं नाही, वेगही जुळला पाहिजे. आकाशगंगेच्या पट्ट्यात एकाच दिशेला तीन-चार मेघ सहज रांगेत असतात. ६.७ च्या मेसरचा मधला वेग मेघाच्या वेगापासून बहुधा थोड्याच किलोमीटर प्रतिसेकंदांनी हटलेला असतो, म्हणून तो मेघाशी लावायला चांगला. पाण्याचं सर्वांत उंच शिखर घेऊन मेघ ठरवू नका. झोतातला ठिपका मेघापेक्षा दहा-वीस, कधी शंभर किलोमीटर प्रतिसेकंदाने वेगळा पळत असतो. डब्ल्यू४९-एनमध्ये पाण्याच्या रेषा मधल्या वेगाच्या दोन्ही बाजूंना दोनशेच्या पुढे पसरल्या आहेत. आपण सोयीने 'सर्वांत प्रखर शिखर' हा एकच आकडा यादीतून उचलतो आणि तिथेच मेघ चुकतो. पूर्ण वर्णपट छापलेला असतो, तो उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

वेगावरून अंतर काढत असाल तर आकाशगंगेच्या आतल्या भागात एकच वेग दोन अंतरांना बसतो, त्यामुळे जवळचं की लांबचं हा घोळ राहतोच. त्यावरचा उतारा पुन्हा मेसरच आहे: जपानचं वेरा हे रेडिओ दुर्बिणींचं जाळं आणि अमेरिकेतल्या व्हीएलबीए या तशाच जाळ्यावरचा बेसेल प्रकल्प यांनी मिळून सुमारे दोनशे मेसरांची लंबनं मोजली. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंतचं ८.१५ किलोपार्सेक हे अंतर २०१९ मध्ये त्यांतूनच निघालं. तुमच्या मेघाजवळ असा मोजलेला मेसर असेल तर अंतर तिथून घ्या, वेगावरून काढू नका.

इथवरचं थोडक्यात: ६.७ दिसला तर तिथे जड तारा घडतोय असं निर्धास्त लिहा. पाणी दिसलं तर आधी म्हातारा तारा नाही ना ते बघा, मग झोत म्हणा. ओएच असेल तर कोणती रेषा ते विचारा. काहीच नसेल तर मर्यादा लिहा, निष्कर्ष नको.

तुम्ही विचारलं नाही, पण प्रबंधात जीव आणायचा असेल तर काळ हा विषय घ्या, कारण गेल्या दहा वर्षांत मेसर सर्वांत उपयोगी ठरले ते तिथेच. २०१५ मध्ये एस२५५-आयआरमधल्या साधारण वीस सौरवस्तुमानांच्या बाळ-ताऱ्याच्या ६.७ च्या मेसरने एकाएकी उसळी घेतली. ते कळल्यावर अवरक्त दुर्बिणी तिकडे वळल्या, तर तारा स्वतःच काही पटींनी उजळला होता. त्याने आपल्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतला एक मोठा घास एकदम गिळला होता. जड तारेसुद्धा हलक्यांसारखे हप्त्याहप्त्याने खातात, याचा असा थेट पुरावा तोवर नव्हता. त्याच वर्षी एनजीसी ६३३४-आय मध्ये तसंच झालं. दक्षिण आफ्रिकेच्या हार्टबीस्टहूकच्या २६ मीटर दुर्बिणीवर ते मेसर भडकताना नोंदले गेले, आणि मिलिमीटर तरंगांत तिथल्या धुळीची चमक सुमारे चौपट झालेली आढळली, आणि त्यावरून आतल्या स्रोताची तेजस्विता सत्तरपटीच्या आसपास वाढल्याचं निघालं. २०१९ च्या जानेवारीत जी३५८.९३-०.०३ ची पाळी आली. तिथे काही आठवड्यांच्या अंतराने जगभरच्या दुर्बिणी जोडून नकाशे काढले, तर मेसरचे ठिपके बाहेर सरकताना दिसले, प्रकाशवेगाच्या ४ ते ८ टक्के वेगाने. वायू इतका पळत नाही. पळत होती ती उष्णतेची लाट. ती जिथे पोचली तिथली धूळ तापली आणि मेसर पेटला, मागचा विझला. धूळ मेसर पेटवते हे आपण समीकरणांत लिहितो, इथे ते घडताना नकाशावर दिसलं. काही मेसर तर वेळापत्रक पाळतात: जी९.६२+०.२०-ई दर २४४ दिवसांनी उजळतो, आणि का यावर अजून वाद आहे. जोडतारा, स्पंदन, तबकडीची लय, प्रत्येकाचा आपापला लाडका खुलासा.

शेवटचा प्रश्न जीएमआरटीचा. आपल्या दारातली दुर्बीण म्हणून मोह होतो, पण थेट मेसर बघायला ती इथे चालणार नाही. सुधारित जीएमआरटीचा सर्वांत वरचा पट्टा साधारण १४५० मेगाहर्ट्झला संपतो, आणि आकाशगंगेतले ओएच मेसर १६१२ पासून सुरू होतात. मिथेनॉल आणि पाणी तर फारच वर. दूरच्या दीर्घिकांमधले ओएचचे महामेसर तांबडसरकून, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने वारंवारता घटून, त्या पट्ट्यात येऊ शकतात, पण तो वेगळा विषय.

जीएमआरटीचा तुम्हाला उपयोग आहे तो दुसऱ्या अंगाने. ४५ मीटरच्या तीस तबकड्यांनी ती १२८० आणि ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास आयनीभूत हायड्रोजनचे बुडबुडे सुरेख दाखवते, आणि मेसरशेजारी बुडबुडा आहे की नाही हा तर वयाच्या प्रश्नातला अर्धा पुरावा. यातही एक खोच आहे. अगदी कोवळे, दाट बुडबुडे कमी वारंवारतेला अपारदर्शक असतात. त्यांचं तेज वारंवारतेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झला पंचवीस मिलिजान्स्की देणारा तसा स्रोत १ गिगाहर्ट्झला एकच मिलिजान्स्की देईल. म्हणून जीएमआरटीच्या चित्रात मेसरच्या जागी काही दिसलं नाही तर 'बुडबुडा नाही' असं लिहू नका. अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीच्या ५ गिगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाची चित्रं खुली आहेत, ती शेजारी ठेवा. दोन्हींकडे दिसला आणि वर्णपट सपाट निघाला तर तो पसरलेला, वयात आलेला. फक्त ५ ला दिसला तर तो कोवळा आणि दाट.

जीएमआरटीचा जुना डेटाही खुला असतो. नवीन वेळ मागण्याआधी तुमच्या मेघांपैकी कोणते त्यात आधीच पडून आहेत ते शोधा. आकाशगंगेच्या पट्ट्यातले बरेच मिळतील. सुरुवात दहा-बारा मेघांनीच करा, निम्मे ६.७ असलेले आणि निम्मे कोरडे, अंतर शक्य तितकं सारखं. एकेकाचा वर्णपट, ग्लिम्प्सचं चित्र, ७० मायक्रॉनचं चित्र आणि रेडिओ नकाशा एका पानावर लावा. ती पानं तयार झाली की त्यांतली दोन-तीन इथे टाका, विशेषतः ज्यांत पाण्याचा आणि मिथेनॉलचा वेग एकमेकांशी जुळत नाही अशी. त्यांच्यावर बोलायला मला आवडेल.